हॉकीचा वेग वाढला, मैदान मात्र दूर गेलं : विदर्भाच्या खेड्यातून एक पार्श्वभूमी

२०१७ नंतर बंद पडलेली देशातली व्यावसायिक हॉकी लीग डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली आणि जुना वाद परत निघाला. हॉकी जास्त थरारक, की क्रिकेट, की कबड्डी? शहरात हा वाद टीव्हीसमोर बसून घालता येतो. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांत हाच हंगाम शंकरपटांचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा. धान निघालेलं असतं, बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, कुठे टेनिस बॉलचे चषक सुरू असतात तर कुठे रात्रीची कबड्डी. इथला माणूस थरार कोणत्या खेळात जास्त हे पायाने सांगतो, म्हणजे जिथे मजा असेल तिकडे चालत जातो. हॉकीकडे तो जात नाही, कारण जवळपास हॉकी होतच नाही. ती का होत नाही, आणि जिथे होते तिथे एवढी वेगवान कशी झाली, या दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच ठिकाणी सापडते.

१९२८ ते १९५६ ही सलग सहा सुवर्णपदकं आणि १९६४ चं टोकियो शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, त्यामुळे तो भाग सोडून देऊ. आपल्या बाजूने एवढंच सांगण्यासारखं आहे, की तेव्हाची हॉकी या भागाला परकी नव्हती. छावण्या, रेल्वे आणि मिशनच्या शाळा यांच्या मागोमाग ती आली आणि नागपूरला टिकली. गोंदियाहून हावड्याच्या गाडीत बसलं की लागणारं राजनांदगाव तर हॉकीची नर्सरी म्हणून ओळखलं गेलं. एका संस्थानिकी गावात हे झालं, ते गवतावर आणि मातीवर. काठी आणि चेंडू एवढाच खर्च होता, आणि काठी बांबूची चालायची तिथे तोही नव्हता. झारखंडच्या सिमडेगा आणि ओडिशाच्या सुंदरगडच्या गावांतून पुढे जे खेळाडू आले, ते असेच बांबूच्या काठीने शिकून आले. जंगल, आदिवासी वस्ती, धानाची शेती हे सगळं गडचिरोलीतही तसंच आहे. गावोगाव स्पर्धा भरवण्याची सवय मात्र तिकडे लागली, इकडे लागली नाही.

मग १९७६ आलं. माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर झाली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. सुवर्ण न्यूझीलंडने नेलं, रौप्य ऑस्ट्रेलियाने. टर्फने भारतीय हॉकी मारली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण तेच ऐकून ऐकून कान किटले आहेत. टर्फवर चेंडू उसळत नाही, सरळ आणि वेगात येतो. गवतावर चेंडू आधी ताब्यात घ्यावा लागे, मनगटावर खेळवावा लागे. टर्फवर तो एका स्पर्शात पुढे सरकवणारा फायद्यात राहतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने खेळ वेगवान झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या वेगाची किंमत मैदानाच्या किमतीत गेली. टर्फ टाकायला कोटी-कोटी रुपये लागतात, आणि चांगलं टर्फ पाण्यावर चालतं : एका सामन्याआधी हजारो लिटर पाणी मारावं लागतं. ज्या जिल्ह्यांत मार्चपासून टँकर लागतात, तिथे ही मागणी कोणत्या तोंडाने करायची?

टर्फपेक्षाही ज्या निर्णयाने आजची हॉकी घडवली, त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही. तो म्हणजे ऑफसाइड काढून टाकण्याचा.

हॉकीतला ऑफसाइड एका फटक्यात गेला नाही. जुन्या नियमात चेंडू पुढे देताना घेणाऱ्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. १९७२ मध्ये तिनाचे दोन झाले. १९८७ मध्ये नियम फक्त गोलजवळच्या २५ यार्डांच्या पट्ट्यापुरता उरला. १९९६ मध्ये प्रयोग म्हणून तो पूर्ण उचलला आणि १९९८ मध्ये प्रयोगाचा कायदा झाला. फुटबॉलने आजही जो नियम प्राणपणाने जपला आहे, तो हॉकीने पाव शतकात सोलून सोलून फेकून दिला.

याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. हॉकीत पंच दोन, आणि फुटबॉलसारखे रेषेवर धावणारे सहायक नाहीत. चेंडू कुणाच्या काठीवरून सुटला हेही त्याच पंचाने बघायचं आणि त्याच क्षणी चाळीस मीटर पुढे बचावफळी कुठे आहे हेही त्यानेच. गवतावर हे कसंबसं जमत होतं. टर्फवर चेंडूचा वेग वाढल्यावर माणसाच्या डोळ्याला ते झेपेना. शिट्ट्या वाढल्या, भांडणं वाढली, खेळ सारखा थांबू लागला. दुसरं कारण टीव्हीचं होतं : गोल हवे होते, अखंड खेळ हवा होता.

विरोधही कमी नव्हता, आणि तो केवळ जुन्याला चिकटण्यातून आलेला नव्हता. ऑफसाइड असला की आक्रमणाला बांधणी लागते. बचावफळी पुढे सरकून सापळा लावते, आणि तो चुकवायला आघाडीच्या खेळाडूला वेळ साधावा लागतो, जोडीदाराशी डोळ्याने बोलावं लागतं. उजवीकडून आत, आतून बाहेर अशी छोट्या पासची विणकर हॉकी भारत-पाकिस्तानची, ती याच दाटीत वाढलेली. सापळाच काढला तर एक माणूस नेऊन गोलखांबाजवळ उभा करायचा आणि मागून उंच स्कूप, म्हणजे काठीने हवेत उचललेला चेंडू, टाकायचा, एवढंच उरेल, ही भीती होती. काही अंशी ती खरी ठरली. आघाडीचा खेळाडू पुढे उभा राहू लागल्यावर बचावाला मागे हटावं लागलं, मधलं मैदान रिकामं पडलं आणि त्या रिकाम्या जागेत जो जास्त धावेल त्याचं राज्य आलं. १९९२ पासून कितीही वेळा खेळाडू बदलायची मुभा होतीच. ती आता शस्त्र बनली. दर काही मिनिटांनी ताजा गडी मैदानात येऊ लागला.

याच्या उलट काहींना वाटलं होतं, की आता आपल्या कलाकारांना रान मोकळं मिळेल. निकाल दोघांनाही पुरावा देतात. १९९८ च्या विश्वचषकात भारत नववा आला आणि त्याच वर्षी बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकला. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरला नाही. म्हणजे हा बदल भारताच्या विरोधात होता की बाजूने, हा प्रश्नच फोल आहे. खेळ मात्र त्याने वाचवला, असं माझं मत आहे. आज हॉकीत चेंडू एका डीतून (गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून) दुसऱ्या डीत आठ-दहा सेकंदांत पोचू शकतो आणि शिट्टी वाजत नाही; फुटबॉलच्या शौकिनालाही हे मान्य करावं लागतं. त्यातच २००९ पासून फ्री हिट घेणाऱ्याला चेंडू स्वतःच पुढे न्यायची परवानगी मिळाली, आणि ३५-३५ मिनिटांचे दोन डाव जाऊन १५ मिनिटांचे चार तुकडे झाले. २०२१ मधला टोकियो ऑलिंपिकचा कांस्यपदकाचा सामना याच हॉकीचा. १-३ ने मागे, मग ५-३ ने पुढे, मग ५-४, आणि सहा सेकंद उरलेले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी. तो अडला आणि ४१ वर्षांनी पदक आलं. विदर्भातल्या ज्या घरांत हॉकीचा चेंडू कुणी हातात धरला नव्हता, तिथेही त्या सकाळी कामं खोळंबली.

व्यावसायिक लीगचा इतिहास छोटा आणि अडखळता आहे. पहिली २००५ ते २००८ चालली. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दुसरी काढली आणि ती एका हंगामात आटोपली. दोन संघटनांच्या भांडणात खेळाडूंची फरफट झाली ती वेगळीच. २०१३ मध्ये सुरू झालेली तिसरी जरा टिकली, पण पहिल्याच वर्षी पाकिस्तानच्या नऊ खेळाडूंना एकही महिना न थांबता परत जावं लागलं. २०१६ मध्ये तिने मैदानी गोलाला दोन गोल मोजायला सुरुवात केली. पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलाचा मात्र एकच. हेतू असा, की कॉर्नर मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या पायावर चेंडू मारत बसण्यापेक्षा संघांनी खेळून गोल करावा. हेतू चांगला, फलक मात्र विचित्र : तीन मैदानी गोल विरुद्ध एक कॉर्नर म्हणजे ६-१. त्या वर्षीचा अंतिम सामना ६-१ असाच सुटला. ज्याने सामना पाहिला नाही त्याला ती धुलाई वाटणार. थरार मोजण्याचं माप बदललं की थरार वाढतो, हा भ्रम तिथे उघडा पडला.

इथे एक फाटा घ्यावा लागतो. अमेरिका-कॅनडात व्यावसायिक हॉकी म्हटलं की बर्फावरची. तिकडची मोठी लीग १९१७ पासूनची आहे आणि हाच वाद तिथेही जुना आहे. बर्फावरच्या हॉकीत ऑफसाइड अजून आहे, पण दोन रेषा ओलांडणारा लांब पास पूर्वी चालत नसे. पगाराच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला, आणि रुसलेल्या प्रेक्षकाला परत आणायला पुढच्या हंगामापासून तो पास खुला केला. त्याआधी १९९६ मध्ये एका वाहिनीने तिथे चेंडूऐवजी असणाऱ्या चकतीत इलेक्ट्रॉनिक्स बसवून ती पडद्यावर निळी चमकवली होती, कारण घरी बसलेल्यांना ती दिसतच नव्हती. जाणकारांनी खिल्ली उडवली आणि दोन वर्षांत तो प्रकार बंद पडला. आपल्या हॉकीने २०१२ ला लंडनमध्ये टर्फ निळं आणि चेंडू पिवळा केला, त्यामागचं दुखणं हेच. मैदानाशेजारी उभ्या माणसाला ज्या वेगाने वेड लावलं, तोच वेग पडद्यावर नीट दिसत नाही. क्रिकेटला ही अडचण कधी आली नाही; तिथे दर चेंडूआधी सगळं जग थांबतं.

कबड्डीचा मार्ग वेगळा, आणि विदर्भाने तो जवळून पाहिलेला. १९३६ मध्ये बर्लिनला भारताने हॉकीत जर्मनीला ८-१ ने हरवलं, त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या एका व्यायामसंस्थेच्या पथकाने तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. १९९० पासून कबड्डी आशियाई स्पर्धांत आहे. २०१४ ला तिची व्यावसायिक लीग निघाली, तेव्हा नियम तिथेही घासून-पुसून घेतले होते : चढाई ३० सेकंदांची, दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरी ‘डू ऑर डाय’, मातीऐवजी मॅट. पण मॅट गुंडाळून टेम्पोत टाकता येते. नाही मिळाली तर मातीवर तोच खेळ, त्याच नियमांनी होतो. टीव्हीवर पाहिलेला डाव दुसऱ्या संध्याकाळी शाळेच्या आवारात पोट्टे करून बघतात. टर्फवरची हॉकी अशी करून बघता येत नाही; मुरमाड मैदानावर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो आणि ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवरचा चेंडू ओढून मारलेला फटका, तर विसराच.

क्रिकेटबद्दल इथे वेगळं सांगायला नको. वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉलवरून कसोटीत वेगवान गोलंदाजी करताना लोकांनी पाहिला आणि विदर्भाच्या संघाने रणजी करंडक तीनदा जिंकला. शंकरपट तर काही सेकंदांचा खेळ. जोडी सुटली, धुरकरी (जोडी हाकणारा) लोंबकळला, संपलं. तरी त्यासाठी माणसं पन्नास कोसांवरून येतात, आणि झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटकही असतं. २०१४ च्या न्यायालयीन बंदीने तो थांबला होता; डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं लोक पट विसरले नाहीत. हॉकी बंद पडून तिची आठवणही न येणं हे त्यापेक्षा वाईट.

तरी हॉकी इथून पूर्ण गेली नाही. २०१७ मध्ये ढाक्याला आशिया चषक जिंकलेल्या भारतीय संघात एक गोलरक्षक यवतमाळचा होता. जिल्हा क्रीडा कार्यालयांच्या शालेय स्पर्धांत हॉकी दरवर्षी असते. तिथे येणारी बरीच मुलं-मुली थरारासाठी येत नाहीत, हेही लिहायला हवं. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ज्या खेळात गर्दी कमी त्यात राज्य पातळी गाठणं सोपं, असा साधा हिशोब त्यामागे असतो. कास्तकाराच्या घरात असा हिशोब चुकीचा नाही.

नव्या लीगच्या पहिल्या हंगामात पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ होते. महाराष्ट्राचा त्यात एकही नाही. पुरुषांचे सामने राउरकेला आणि रांचीत, महिलांचे रांचीत. राउरकेला मुंबई-हावडा मार्गावरच आहे, म्हणजे गोंदियाच्या माणसाला मुंबईपेक्षा ते जवळ. पाच-पाच जणांची, छोट्या मैदानावरची हॉकी जागतिक संघटना पुढे रेटते आहे. २०२४ च्या जानेवारीत ओमानला तिचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला अंतिम फेरीत नेदरलँड्सकडून हरल्या. ही खरी हॉकी नव्हे, असं अकराच्या हॉकीत मुरलेले म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पाण्याशिवाय चालणारं टर्फ आणायचं, असंही त्याच संघटनेने ठरवलेलं आहे. या दोन्हींपैकी तालुक्याच्या क्रीडा संकुलात आधी काय पोचतं, त्यावर इथल्या पोरांचं उत्तर ठरेल. लीगच्या जाहिरातींवर नाही.