इम्प्लांट किती टिकतं आणि त्यावरची कॅप किती?

‘एकदा इम्प्लांट केलं की जन्मभर बघायला नको’, असं दात बसवून घेणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं. यातलं अर्धंच खरं आहे. आरशात जो एक दात दिसतो, तो मुळात दोन वेगळ्या वस्तूंचा असतो. जबड्याच्या हाडात रुतवलेला टायटॅनियमचा खुंट म्हणजे इम्प्लांट. हिरडीच्या वर दिसणारा, घास चावणारा भाग म्हणजे कॅप. मध्ये अबटमेंट नावाचा जोडतुकडा असतो आणि तो एका बारीक स्क्रूने आवळलेला असतो. ‘जन्मभर’ हा शब्द फार तर त्या खुंटाला लागू पडतो. कॅपला तो लावणं मला पेशंटची फसगत वाटते.

खुंटाची कीर्ती मात्र खरी आहे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम हाडाला इतकं घट्ट धरतं की ते सुटता सुटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ती कामात होती.

आता दोन्हींचे आकडे बघा. एकेका दातासाठी बसवलेल्या इम्प्लांटवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० वर्षांनी सुमारे ९५ टक्के इम्प्लांट शाबूत होती, कॅप मात्र सुमारे ८९ टक्के. शिवाय पहिल्या ५ वर्षांतच जवळजवळ ९ टक्के ठिकाणी तो बारीक स्क्रू सैल झाला होता.

कॅपच्या वाट्याला हे का येतं? नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तो चावण्याचा दाब थोडा झेलतो आणि खडा लागला की लगेच जाणीव करून देतो. इम्प्लांटला हा थर नसतो, ते थेट हाडाला जखडलेलं असतं. त्यामुळे किती जोराने चावतोय याचा अंदाज कमी येतो आणि ताण कॅपवर, स्क्रूवर पडत राहतो. सुपारी फोडणं, झोपेत दात खाणं यांनी कॅपवरच्या पोर्सेलीनचा टवका उडतो, तो असा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. झोपताना लावायचा नाइट गार्ड करून मिळतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दात हलायला लागल्यावर. ‘इम्प्लांट फेल गेलं’ म्हणून माणूस हादरतो. पण पुष्कळदा हलत असते ती फक्त वरची कॅप. स्क्रू पुन्हा आवळला की काम भागतं. मात्र तसंच चावत राहिलात तर स्क्रू आतच तुटतो आणि तो काढणं जिकिरीचं होतं. खुद्द खुंटच हाडात हलत असेल तर गोष्ट वेगळी: हाडाची पकड सुटलेली असते आणि तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. कोण हलतंय हे डॉक्टर तपासून आणि एक्स-रे काढूनच सांगू शकतात.

खुंटाचा खरा शत्रू म्हणजे हिरडीतला जंतुसंसर्ग. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवती कीटण साचलं की हिरडी सुजते आणि पुढे हाड झिजू लागतं. याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. हे बऱ्याचदा दुखत नाही, म्हणूनच जास्त भीती. ब्रश करताना रक्त किंवा हिरडी दाबल्यावर पू आला तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांना, साखर ताब्यात नसलेल्यांना आणि ज्यांचे मूळचे दातच हिरड्यांच्या विकाराने गेले त्यांना हा धोका अधिक असतो. दात बदलला तरी तोंड तेच राहतं.

कॅप बसवण्याची पद्धतही खुंटाच्या आयुष्यावर परिणाम करते. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपचं जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथेच सूज धरते. स्क्रूने बसवलेली कॅप उघडून साफ करता येते, दुरुस्तही करता येते. दातांचा कोन आणि जागा परवानगी देत असेल तर मी स्क्रूवालीच मागेन.

पैसे भरण्याआधी वॉरंटी कशाची, हे लेखी घ्या. कंपनीची ‘लाइफटाइम’ वॉरंटी सहसा खुंटापुरती असते. नवीन कॅप आणि पुन्हा करायच्या शस्त्रक्रियेची फी त्यात बहुधा धरलेली नसते. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर येतं. ते फाइलला लावून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे स्क्रू बदलायची वेळ आली, तर नेमका कुठला स्क्रू बसेल हे त्यावरूनच कळतं.