नासिका मायियासिस, कुष्ठरोगातील

कुष्ठरोगाने झिजलेल्या नाकात माशीच्या अळ्या वाढून ऊती कुरतडल्या जाणे. बोलीत ‘नाकात किडे पडणे’. भारतात मुख्यतः क्रायसोमिया बेझियाना (व्हिलनव्ह, १९१४) ही माशी कारणीभूत असते. तिच्या अळ्या जिवंत ऊतींवरच वाढतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील (ग्रंथाच्या शेवटच्या भागातील) कृमिज शिरोरोग, म्हणजे कृमींमुळे होणारा डोक्याचा रोग, हाच असावा, असे मत आहे. डोक्यात टोचणी, आत काहीतरी खात असल्याची जाणीव, नाकातून रक्त व पू ही लक्षणे जुळतात. कृमी मूर्च्छित व्हावेत म्हणून रक्ताचे नस्यही (नाकात सोडणे) सांगितले आहे. मात्र लक्षणांच्या त्या श्लोकात माशी नाही, आणि उत्तरतंत्र बहुधा नंतरची भर असल्याने काळ ठरवणे अवघड. या विकाराला लावला जाणारा ‘पीनस’ हा शब्द तर जुनाट पडशालाही लागतो. केवळ त्यावरून अळ्यांचे निदान करू नये.

कुष्ठरोगाच्या बहुजीवाणू (शरीरात जंतू फार असलेल्या) प्रकारात नाकाची श्लेष्मल त्वचा, म्हणजे आतले ओलसर अस्तर, जाड होते, मग सुकते. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते, नाक बसते. खपल्यांची दुर्गंधी माशीला ओढते. वास आणि संवेदना दोन्ही गेल्याने रोग्याला पत्ता लागत नाही, आणि वाकड्या बोटांनी नाक साफ होत नाही. म्हणजे जंतूपेक्षा त्याने मागे ठेवलेली झीज महत्त्वाची. बहुऔषधोपचार (कुष्ठरोगावरचा अनेक औषधांचा एकत्रित उपचार) पूर्ण झालेल्यालाही हा धोका राहतो.

माशी एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. ती दिवसभरात फुटतात. अळ्या ५ ते ७ दिवस खातात व मातीत पडून कोश करतात. शिंका, डोकेदुखी, रक्तमिश्रित पातळ स्राव, चेहऱ्यावर सूज अशी लक्षणे दिसतात; संवेदना गेलेल्या नाकात पुष्कळदा पहिली खूण रक्तस्राव हीच. दुर्लक्ष झाल्यास टाळूला भोक, डोळ्याच्या खोबणीत संसर्ग, मस्तिष्कावरणदाह (मेंदूच्या आवरणाचा दाह).

अळीची श्वासरंध्रे मागच्या टोकाला असतात. टर्पेंटाइनचे थेंब टाकले की ती गुदमरून बाहेर सरकते, तेव्हा चिमट्याने धरावी. अंगावरच्या काट्यांनी ती ऊतीत रुतते. हिसका दिल्यास तुटते आणि उरलेला तुकडा सडतो. आयव्हरमेक्टिन तोंडाने, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, म्हणून नाकात घालायच्या दुर्बिणीने (एंडोस्कोप) पुन्हा पुन्हा तपासावे. माशी पुन्हा बसू नये म्हणून रोग्याला मच्छरदाणीत ठेवतात.

पुढे नाक रोज धुणे: खाण्याचा सोडा १ भाग, टाकणखार १ भाग, मीठ २ भाग, २८० मिली कोमट पाण्यात. खपली भिजल्याखेरीज ओढू नये.