चिकटवलेल्या चित्रापासून छापलेल्या चित्रापर्यंत

छायाचित्रांची पुस्तकं जमवणारा माणूस पान उघडल्यावर आधी त्यावर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरतो. चित्र कागदावर कसं उतरलंय हे त्याला पाहायचं असतं, कारण या पुस्तकांचा अर्धाअधिक इतिहास तिथेच दडलेला आहे.

सुरुवातीला छायाचित्र आणि मजकूर एकत्र छापताच येत नसे. ॲना ॲटकिन्स यांनी ऑक्टोबर १८४३ पासून सागरी शैवालांच्या चित्रांचे भाग काढले. लोहक्षार लावलेल्या कागदावर शैवाल ठेवून तो उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा, कॅमेरा नाहीच. मजकूरही याच निळ्या छापाच्या पद्धतीत, म्हणजे सायनोटाइपमध्ये, हस्ताक्षरात. हा निळा रंग अल्कलीने उडतो. त्यामुळे इतर चित्रांसाठी चांगला समजला जाणारा अल्कलीयुक्त कागद इथे पानांच्या मध्ये घालू नये.

हेन्री फॉक्स टॅल्बट यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत आलं. त्यातली २४ चित्रं प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेली होती. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पुरतं धुतलं न गेल्याने बरीचशी फिकटली. १८६४चं वुडबरीटाइप, म्हणजे साच्यातून रंगीत जिलेटिनने छापलेलं चित्र, टिकाऊ निघालं, पण तेही चिकटवावंच लागे. पान तिरकं धरलं की त्यातला गडद भाग किंचित उठलेला दिसतो.

१८८०च्या दशकात हाफटोन, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याची पद्धत, आली आणि चित्र टाइपाच्या शेजारी छापता येऊ लागलं. ठिपके लहानमोठे, शाईचा थर मात्र सगळीकडे सारखाच. म्हणून काळा रंग उथळ वाटतो. ग्रॅव्ह्यूरमध्ये धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या खळग्यांतली शाई कागदावर उतरते; खळगा जितका खोल तितकी शाई जाड. ब्रासाई यांच्या १९३३च्या ‘पॅरिस द नुई’ (रात्रीचं पॅरिस) या पुस्तकातली रात्र इतकी दाट दिसते ती त्यामुळेच. अशा मॅट काळ्या पानावर बोटाचा ओरखडाही उठतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि पान वरच्या कोपऱ्याला धरूनच उलटावं.

चित्रांची मांडणी कशी वाचायची, हे शिकवलं वॉकर इव्हान्स यांच्या १९३८च्या ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’ने. ८७ चित्रं, सगळी उजव्या पानावर. डावं पान कोरं आणि शीर्षकं त्या त्या विभागाच्या शेवटी. डोळ्यांसमोर नाव नसल्यामुळे वाचक आधीचं चित्र मनात धरून पुढच्याकडे जातो. रॉबर्ट फ्रँक यांची ८३ चित्रं १९५८ साली पॅरिसमध्ये पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली, तेव्हा समोरच्या पानांवर निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. १९५९च्या अमेरिकी आवृत्तीत ते गेले आणि पानं कोरी झाली. चित्रं तीच, पुस्तक मात्र वेगळं! पहिल्या आवृत्तीचा हट्ट अनेकदा किमतीसाठी असतो, पण इथे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्यातच खरा आनंद आहे.

पुढे ऑफसेटने, म्हणजे प्लेटवरची शाई रबरी पृष्ठावरून कागदावर उतरवणाऱ्या छपाईने, पुस्तकं स्वस्त केली आणि उथळ काळ्यावर ड्युओटोनचा उतारा शोधला: काळ्याच्या जोडीला करड्या शाईची दुसरी प्लेट. ती केसभर सरकली तरी कडा धूसर होते. भिंग चित्राच्या कोपऱ्यावर धरलं की हा दोष लगेच दिसतो.

घेताना बांधणीही पाहावी. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेले असले तर पुस्तक सपाट उघडतं. नुसत्या गोंदाच्या बांधणीत दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग बांधणीकडच्या घडीत गडप होतो, आणि जाड आर्ट पेपर गोंदातून सुटून पानं हाती येतात.