मंजूर झालेलं एक्स्टेन्शन रातोरात बदलतं तेव्हा

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात क्रोम ब्राउझर कसा बसवायचा याची एक लांबलचक नियमावली आहे. खात्याचं संगणकांचं जाळं सांभाळणारी ‘डिसा’ ही संस्था ती काढते आणि कुणालाही ती वाचता येते. त्यातला एक्स्टेन्शनबद्दलचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामबद्दलचा, मुख्य नियम एका चिन्हात आटोपतो: ब्लॉकलिस्ट नावाच्या सेटिंगमध्ये नुसतं * लिहायचं. म्हणजे जगातलं प्रत्येक एक्स्टेन्शन बंद. मग अलाउलिस्ट नावाच्या दुसऱ्या यादीत, ज्यांना मंजुरी मिळाली आहे तेवढीच एकेक करून भरायची.

नियम लिहिणाऱ्याचं काम इथे संपतं आणि मंजुरी देणाऱ्याची डोकेदुखी सुरू होते. समजा, एका कर्मचाऱ्याचा अर्ज आला. वेबपानाचा वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट काढणारं एक एक्स्टेन्शन हवं आहे. फुकट आहे, लाखो लोक वापरतात, रेटिंग उत्तम आहे. हो म्हणायला हरकत काय?

हरकत कळण्यासाठी एक्स्टेन्शन नेमकं कुठे बसतं ते पाहावं लागतं. बँकेची किंवा कार्यालयाची साइट उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर सांकेतिक रूपात जातो. पत्त्यातलं एचटीटीपीएस किंवा काही ब्राउझरमध्ये पत्त्याजवळ दिसणारं कुलूप हे त्याचंच चिन्ह. लखोटा मोहोरबंद असल्यामुळे वाटेत कुणी फोडू शकत नाही. पण एक्स्टेन्शन वाटेत नसतंच. लखोटा फोडून पत्र टेबलावर पसरलं की तिथे बसून ते वाचणारा तो शेजारी असतो. पान उलगडलं, मजकूर दिसू लागला, की एक्स्टेन्शनचा कोड त्या पानात शिरतो. पानावरचं नाव, आधीच भरलेला फॉर्म, तुम्ही आत्ता टाइप करताय तो पासवर्ड, सगळं त्याला वाचता येतं आणि बदलताही येतं. बाहेर माहिती धाडायची झाली तर तीही साध्या एचटीटीपीएसमधून जाते. आत-बाहेरची वर्दळ तपासणाऱ्या कार्यालयाच्या फायरवॉलला हा रोजचाच ब्राउझर आणि रोजचीच वर्दळ वाटते.

अर्थात हे सगळं परवानगी असेल तरच. प्रत्येक एक्स्टेन्शनसोबत ‘मॅनिफेस्ट’ नावाची छोटीशी फाइल असते. आपण कोणत्या साइटवर काय करणार हे त्यात लिहिलेलं असतं. सुरक्षा तपासनीस सगळ्यात आधी हीच फाइल उघडतो. स्क्रीनशॉटवाल्या एक्स्टेन्शननं तिथे ‘सर्व साइटवरील सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ एवढं मागितलं असेल, तर घोडं इथेच अडायला हवं. कारण याच कामाला ‘ॲक्टिव्ह टॅब’ नावाची छोटी परवानगी पुरते. बटण दाबलं तरच, आणि समोरच्या त्या एका पानापुरतीच ती मिळते. धाकटी परवानगी असताना थोरली का मागितली, याचं उत्तर बहुतेक वेळा आळस हेच असतं. पण मंजुरी देणाऱ्यानं आळस आणि डाव यांतला फरक ओळखायच्या भानगडीत पडू नये. दोन्हींत धोका तेवढाच.

इथवरचं काम चोख झालं, असं धरून चालू. मॅनिफेस्ट ठीक, कोड वाचून झाला, साहेबांनी सही केली. आता अलाउलिस्टमध्ये काय लिहायचं? एक्स्टेन्शनचं नाव चालत नाही, कारण एकाच नावाची दहा निघतात. लिहायचा तो आयडी, बत्तीस अक्षरांचा. तो तयार होण्याची रीत मोठी गमतीची आहे. एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीवर, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या एका लांबलचक, कायमच्या संख्येवर, ‘शा-२५६’ हे गणित चालवतात आणि निकालाचे पहिले १२८ बिट घेतात. ते बत्तीस अक्षरांत लिहायला सोळा प्रकारची चिन्हं लागतात. एरवी आपण ० ते ९ आणि पुढे ए ते एफ वापरतो. क्रोमनं मात्र ए ते पी अशी सोळा अक्षरंच घेतली. कारण सगळेच आकडे जुळून आले तर एखादा प्रोग्राम त्या आयडीला इंटरनेटवरचा आयपी पत्ता समजून बसेल, ही भीती.

मेख अशी, की हा आयडी किल्लीपासून बनतो, कोडपासून नाही. कोड उद्या आमूलाग्र बदलला तरी आयडी तोच राहतो. मालक बदलला तरीही तोच. आणि क्रोम दर काही तासांनी नवी आवृत्ती आली का ते पाहतो आणि आली असली तर न विचारता बसवतो. नवी आवृत्ती जादा परवानगी मागत असेल तरच वापरणाऱ्याला विचारणा होते. म्हणजे तपासनिसानं वाचला तो एका दिवसाचा कोड आणि सही झाली ती त्या आयडीखाली पुढे येणाऱ्या प्रत्येक कोडवर.

‘द ग्रेट सस्पेंडर’चं उदाहरण घ्या. न वापरलेले टॅब झोपवून संगणकाची मेमरी वाचवणारं हे एक्स्टेन्शन, वीस लाखांवर लोकांच्या ब्राउझरमध्ये होतं. कोड सगळ्यांना वाचायला खुला होता, नावाजलेला होता. जून २०२० मध्ये मूळ कर्त्यानं ते अनोळखी खरेदीदाराला विकलं. आयडी तोच, चिन्ह तेच. पुढच्या आवृत्तीत बाहेरच्या सर्व्हरवरून कोड ओढून चालवायची सोय गुपचूप आली आणि अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते आपल्या एक्स्टेन्शनच्या ऑनलाइन दुकानातून काढलं. २०१९ साली कुणी ते काटेकोर तपासून मंजूर केलं असतं, तर त्या तपासणीत काहीच चूक नव्हती.

विक्री तरी कुठे ना कुठे कळते. चोरी कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला मेल आला: तुमचं एक्स्टेन्शन नियमांत बसत नाही, दुकानातून काढून टाकू. वरकरणी गूगलचा मेल. दुव्यावर गेल्यावर गूगलचंच खरंखुरं परवानगी-पान उघडलं आणि ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन’ नावाच्या ॲपनं अधिकार मागितला. त्यानं दिला. खात्याला दुहेरी पडताळणी होती, पण इथे पासवर्ड चोरलाच नव्हता. मालकानं स्वतःच दुसऱ्याला मुखत्यारपत्र लिहून दिलं होतं. नाताळच्या दिवशी चोरांनी विषारी आवृत्ती चढवली. ती सुमारे २५ तास जिवंत राहिली आणि फेसबुकच्या जाहिरात-खात्यांमागे लागली होती. या एक्स्टेन्शनचे वापरकर्ते सुमारे चार लाख. आणि सायबरहेवनचा धंदा काय, तर कंपन्यांचा डेटा बाहेर फुटू न देणं! म्हणजे त्यांचं एक्स्टेन्शन कार्यालयांनी विचारपूर्वक, मंजुरीनंच बसवलेलं. त्याला व्यापक परवानग्या आधीपासूनच होत्या, कारण कामच तसलं.

म्हणून अर्जातला ‘किती लोक वापरतात’ हा रकाना मला सर्वांत निरुपयोगी वाटतो. चोराच्या दृष्टीनं तो आकडा म्हणजे भाव.

अमेरिकेतल्या सरकारी खात्यांना ही जबाबदारी टाळता येत नाही. २००२ चा ‘फिस्मा’ कायदा आणि त्याची २०१४ ची दुरुस्ती यांनी माहितीच्या सुरक्षेचा भार खात्याच्या प्रमुखावर टाकला आहे. ‘निस्ट’ या मानक-संस्थेच्या ८००-५३ क्रमांकाच्या दस्तऐवजात वापरकर्त्यानं स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरसाठी वेगळं कलम आहे. २०२० च्या पाचव्या आवृत्तीत पुरवठा-साखळीच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या साधनांतून येणाऱ्या, धोक्यांचा अख्खा नवा विभाग आला. माजी सैनिकांच्या कल्याणाचं खातं तर मंजूर-नामंजूर तंत्रज्ञानाची यादी जाहीरच ठेवतं. त्यात प्रत्येक आवृत्तीपुढे वर्षाच्या तिमाहीनुसार शेरे असतात: मंजूर, अटींसह मंजूर, हळूहळू काढा, नामंजूर. अशा तक्त्यात वर्षातून एक-दोनदा आवृत्ती बदलणारं सॉफ्टवेअर छान बसतं. आठवड्याला बदलणाऱ्या एक्स्टेन्शनला तिमाहीचा रकाना काय पुरणार?

कोड न वाचता नुसतं वापरून पाहणंही फसवं. २०१९ मध्ये सॅम जदाली या संशोधकानं ‘डेटास्पाय’ प्रकरण बाहेर काढलं. आठ एक्स्टेन्शन्स, सुमारे ४० लाख लोक, आणि त्यांनी भेट दिलेल्या पानांचे पत्ते विकायला ठेवलेले. नुसते पत्ते म्हणून सोडून देऊ नका. ज्याच्याकडे दुवा त्याला दस्तऐवज उघडता येतो, अशा पद्धतीनं ठेवलेली करविवरणपत्रं आणि वैद्यकीय कागद त्या पत्त्यांमागे होते. त्यातली काही एक्स्टेन्शन्स बसवल्यावर सुमारे २४ दिवस गप्प राहत आणि मगच गोळा करायला लागत. दोन आठवड्यांची चाचणी घेणाऱ्या कार्यालयात ती अगदी गुणी बाळं ठरली असती.

मग सगळंच बंद ठेवावं? इथे गोष्ट उलटी फिरते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेनं सरकारी खात्यांना सल्ला दिला, की जाहिराती अडवायची सोय करा, कारण जाहिरातींच्या जाळ्यातून घातक कोड येतो. त्याच वर्षी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून उघड झालं, की तिथल्या गुप्तचर यंत्रणांनी जाहिराती अडवायला आधीच सुरुवात केली आहे. पण जाहिरात ओळखायची तर प्रत्येक पानात डोकवावं लागतं. सुरक्षेसाठी हवं असलेलं एक्स्टेन्शनच सगळ्यात मोठी परवानगी मागणारं! सिसाच्या त्याच पत्रकात हा इशाराही आहे, शिवाय काही ब्लॉकर पैसे घेऊन ठरावीक जाहिराती सोडतात हेही.

तोडगा तंत्रज्ञानानं काही अंशी काढला. क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठीच्या ‘मॅनिफेस्ट व्ही थ्री’ या नव्या रचनेत जाहिराती अडवायला एक्स्टेन्शननं स्वतः रहदारी तपासायची गरज नसते. ‘या पत्त्यांवरून काही आलं तर अडव’ अशी नियमांची यादी ते ब्राउझरच्या हवाली करतं, आणि अडवायचं काम ब्राउझर करतो. बाहेरून कोड ओढून चालवायलाही तिथे मनाई आहे. यात जाहिराती अडवणाऱ्या जुन्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ची ताकद कमी झाली आणि क्रोममधून ते गेलंच, त्यावरून वापरकर्ते गूगलवर खूप चिडले आणि जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा हेतू विचारणं गैरही नाही. पण सरकारी तपासनिसाच्या खुर्चीतून पाहिलं तर त्याची ‘लाइट’ आवृत्ती परवडते. पत्ते अडवण्याचं तिचं मूळ काम सर्व साइट वाचायच्या परवानगीशिवायही होऊ शकतं.

मंजुरीत नावावर विश्वास ठेवण्याऐवजी हात बांधण्यावर भर देणं हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. क्रोमच्या कार्यालयीन सेटिंगमध्ये त्याची सोय आहे. अमुक परवानगी मागणारं कोणतंही एक्स्टेन्शन बसूच द्यायचं नाही, असं सांगता येतं. मंजूर एक्स्टेन्शनलाही पगाराच्या किंवा आरोग्य-नोंदींच्या साइटवर पाऊल ठेवायची बंदी घालता येते. उद्या ते विकलं गेलं, चोरलं गेलं, तरी तिथे त्याला काही दिसणार नाही. आणखी कडक उपाय म्हणजे तपासलेली आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आणि तिथूनच वाटायची. पण त्यात उलटा फटका बसतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामरली एक्स्टेन्शनमध्ये असा दोष सापडला, की कोणत्याही साइटला वापरणाऱ्याच्या खात्यात शिरून त्याचा मजकूर वाचता आला असता. वापरणारे दोन कोटींवर. कंपनीनं काही दिवसांतच दुरुस्ती सोडली आणि ती आपोआप सगळीकडे पोचली. आवृत्ती गोठवून बसलेल्या कार्यालयात ती पोचली नसती. त्यामुळे गोठवायचं असेल तर नवी प्रत्येक आवृत्ती वाचणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. बहुतेक खाती नेमकं तेवढंच करत नाहीत.

कधी एक्स्टेन्शनची गरजच पडत नाही. अपंग व्यक्तींना सरकारी साइट वापरता याव्यात असा अमेरिकेत कायदा आहे. ते तपासायला तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्यानं ‘अँडी’ नावाचं साधन बनवलं. ते एक्स्टेन्शन नाही, बुकमार्कलेट आहे: बुकमार्कच्या पट्टीवरचा एक दुवा, दाबला की त्या पानावर चालतो, एरवी निपचित. याच कामाचं ‘वेव्ह’ हे साधन मात्र एक्स्टेन्शनच्या रूपातच बरं, कारण ते तपासणी ब्राउझरच्या आत करतं. त्यामुळे कार्यालयाच्या अंतर्गत पानांचा मजकूर परक्या सर्व्हरकडे पाठवावा लागत नाही.

२०२० मध्ये गूगलनं शंभरावर घातक एक्स्टेन्शन्स काढली, तेव्हा आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं सावधगिरीची सूचना दिली होती. जून २०२२ मध्ये सरकारचं संगणकांचं काम पाहणाऱ्या ‘एनआयसी’नं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका, बाहेरचे टूलबार वापरू नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. मराठी कार्यालयात हा प्रश्न टायपिंगपाशी येतो. ‘गूगल इनपुट टूल्स’सारखं एक्स्टेन्शन बसवून ‘namaskar’चं ‘नमस्कार’ करणं सोपं पडतं. पण कोणत्याही पानावर मराठी उमटवायचं तर त्या प्रत्येक पानात शिरायची परवानगी त्याला लागतेच, मग समोर घरची खरेदी असो की सातबाऱ्याची नोंद. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक फार आधीपासून आहे आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये रोमन अक्षरांतून टाइप करायचा फोनेटिक कळफलकही मिळतो. भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडला की झालं. शिवाय तो वर्डमध्ये आणि एक्सेलमध्येही चालतो, जिथे ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचा काही उपयोग नाही.