छतावरील सौर पॅनल: अर्ज अडतो तो वीजबिलावरील नावापाशी

‘प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजने’तून घराच्या छतावरील सौर पॅनलसाठी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. पॅनल बसवता येईल असे छत असलेले स्वतःचे घर आणि घरगुती वीजजोडणी हवी, तसेच पूर्वी सौर पॅनलचे अनुदान घेतलेले नसावे. उत्पन्नाची अट नाही. शेतातील पंपाच्या जोडणीवर हा अर्ज चालत नाही, त्यामुळे सातबारा घेऊन धावपळ करू नये. सौर कृषिपंपाची योजना वेगळी आहे.

खरी अडचण नावाची आहे. खानदेशात वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, अर्ज नातवाचा आणि बँक खाते सुनेचे, असे सर्रास आढळते. योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकताच महावितरणच्या नोंदीतले नाव उमटते आणि ते अर्जदाराच्या आधारशी व बँक खात्याशी जुळले नाही, तर अनुदान अडकते. म्हणून मयताचे नाव असेल तर आधी मृत्यू दाखला, घराचा नमुना ८ चा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि इतर वारसांचे संमतीपत्र जोडून बिलावरील नाव बदलून घ्यावे व थकबाकी असल्यास भरावी. भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर हे संमतीपत्रच महिनोन्‌महिने रखडवते. मृत ग्राहकाला बिल पाठवताना यंत्रणेला कधी शंका येत नाही, ती नेमकी अनुदानाच्या वेळी येते; पण वाद घालण्यापेक्षा कागद आधी नीट केलेला बरा.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचे छत पॅनलचा भार पेलेल का, हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

पोर्टलवर नोंदणी, अर्ज आणि नोंदणीकृत विक्रेत्याची निवड ही कामे सोपी आहेत. मात्र ‘३० दिवसांत अनुदान’ या वाक्याचा अर्थ अनेकांना चुकीचा कळतो. ती मुदत अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे मीटर) बसून, प्रकल्प कार्यान्वित झाल्याचा अहवाल तयार होऊन बँक तपशील भरल्यानंतर सुरू होते. तोवर विक्रेत्याचे पैसे ग्राहकाला स्वतः किंवा कर्ज काढून द्यावे लागतात. पॅनल आणि त्यांतील सेल (उन्हापासून वीज तयार करणारे छोटे घटक) दोन्ही भारतीय बनावटीचे असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. सेल परदेशी निघाले तर अनुदान मिळत नाही.