एका ग्रॅममध्ये सात गुंठे

"वाळू द्या हो, आपोआप गळून पडतो." गेल्या पावसाळ्यात मोहोळकडच्या रानातून जीप चिखलाने माखून आणली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले. मुरमाड मातीपुरतं ते ठीक आहे. आपली सोलापूरची काळी माती तसली नव्हे.

बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात. त्यांचा कण म्हणजे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची चवड. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकलं की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस मीटर भरतं. म्हणजे जवळपास सात गुंठे! एवढ्या जागेला धरून बसलेलं पाणी लवकर सुटत नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी याच ओलीवर पोसते, आणि गाडीच्या चासीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, गंजही.

मडगार्डच्या आतला चिखलाचा थर वरून खडखडीत दिसतो, पण पत्र्याकडची बाजू दमट असते. तुम्ही म्हणाल, तिथे हवाच पोचत नाही, मग गंजेल कसं? गंमत अशी की नेमकं तिथेच लोखंड खाल्लं जातं.

केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हे मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर दाखवलं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर थेंब ठेवा. कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्याशी कमी. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपात, म्हणजे विद्युतभारित कण होऊन, पाण्यात उतरतं. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्सिल आयन बनवतात. दोन्ही आयन वाटेत भेटतात, तिथे गंजाचं कडं उठतं. म्हणजे खड्डा एकीकडे, तांबूस डाग दुसरीकडे. चिखलाचा गोळा हा तसलाच थेंब, फक्त मोठा. माती खारवट असेल तर विद्युतप्रवाह आणखी सहज वाहतो.

यावर खालून जळकं ऑइल मारायची रीत आहे. चिखलावर मारलं तर ओल आतच कोंडते, आणि सांध्यांतले रबरी बुश खराब होतात ते वेगळंच. बंपरच्या लिंबू-मिरचीबद्दल मी काही बोलत नाही. तिच्या तारेला आठवडाभरात काय होतं ते बघा.

चिखल ओला असतानाच, साध्या पाण्याने, खालून सुरुवात करून धुवा. वाळलाच असेल तर आधी भिजू द्या. जोराचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर आणि अ‍ॅक्सलच्या सीलवर थेट नको. धुतल्यावर थोडं सावकाश चालवून ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे ते सुकतात.

आणि चासीच्या पोकळ पट्ट्यांना खाली भोकं असतात, ती तपासा. मी दिवाळीत एका भोकात तार घातली, तर आतून बोटभर लांबीची काळी वळी निघाली. दाबली तर अजून ओली होती.