नव्यन्याय

नव्यन्याय : न्यायदर्शनाची, म्हणजे तर्क व ज्ञानसाधनांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाची, मध्ययुगीन शाखा. ती मिथिलेत उदयास आली आणि पुढे बंगालमधील नवद्वीप येथे बहरली. गंगेश उपाध्यायाचा तत्त्वचिंतामणि हा तिचा आधारग्रंथ होय. न्यायसूत्रांतील (या दर्शनाच्या मूळ ग्रंथातील) सोळा पदार्थांची (विचारविषयांची) मांडणी बाजूस ठेवून गंगेशाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सादृश्यावरून होणारे ज्ञान) व शब्द या प्रमाणांवर (ज्ञानाच्या साधनांवर) चार खंड रचले.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक नव्यन्यायाचा आरंभ उदयनाचार्यापासून मानतात. त्याच्या लक्षणावली या ग्रंथात ‘तर्काम्बराङ्क’ असा शब्दांनी अंक सुचवणारा कालनिर्देश मिळतो (तर्क 6, अम्बर 0, अङ्क 9; अंक उलट क्रमाने वाचायचे). त्यावरून शके 906 (इ. स. 984-85) हे वर्ष निघते; मात्र हा पाठ सर्वमान्य नाही. गंगेशाने खंडनखंडखाद्यकार श्रीहर्षाची (बारावे शतक) दखल घेतली असल्याने तो त्यानंतरचा, एवढे निश्चित. सतीशचंद्र विद्याभूषण त्याला बाराव्या शतकाच्या अखेरीस ठेवतात. दिनेशचंद्र भट्टाचार्यांच्या संशोधनानंतर चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध अधिक ग्राह्य मानला जातो. सोंदड, मणिकंठ मिश्र व शशधर या गंगेशपूर्व नैयायिकांच्या विवेचनात नव्या पद्धतीच्या खुणा आधीच दिसतात. त्यामुळे ही शाखा एका ग्रंथाने अवतरली नसून क्रमाने घडली, हे मत अधिक पटते.

या शाखेचे सामर्थ्य लक्षणांच्या (व्याख्यांच्या) परीक्षेत आहे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते, ते त्यांच्यातील व्याप्तीच्या, म्हणजे अटळ साहचर्याच्या, बळावर. मग व्याप्ती म्हणजे नेमके काय? ‘साध्याचा अभाव असेल तेथे हेतू नसणे’ हे पहिले लक्षण गंगेश तपासतो (धुरावरून अग्नीच्या अनुमानात अग्नी हे साध्य, धूर हा हेतू). ‘घट वाच्य (शब्दाने सांगता येण्याजोगा) आहे, कारण तो ज्ञेय (जाणता येण्याजोगा) आहे’ हे अनुमान निर्दोष आहे. पण वाच्यत्वाचा अभाव असलेले ठिकाण कोठेच सापडत नाही, म्हणून ते लक्षण येथे लागूच होत नाही. व्याप्तिपंचक या प्रकरणात तपासलेली पाचही लक्षणे याच अडचणीमुळे बाद होतात. एवढ्या छोट्या उदाहरणाने पाच लक्षणे कोसळावीत, यातच या पद्धतीची धार दिसते.

अशा काटेकोरपणासाठी अवच्छेदक (एखादी गोष्ट कोणत्या मर्यादेत लागू आहे हे ठरवणारा) ही संकल्पना वापरली जाते. वृक्षाच्या फांदीवर वानर बसले असता वृक्षावर कपिसंयोग (वानराचा संयोग) आहे आणि नाहीही. फांदीच्या अवच्छेदाने तो आहे, मुळाच्या अवच्छेदाने नाही. म्हणून विरोध उरत नाही. अवच्छेदकता, प्रतियोगिता (ज्याचा अभाव सांगायचा त्याच्या ठिकाणचा धर्म), निरूपितत्व (दुसऱ्याच्या संदर्भाने ठरणे) यांच्या साखळीने वाक्य लांबते, पण संदिग्धता राहत नाही. पुढे व्याकरण, मीमांसा आणि वेदान्ताच्या ग्रंथकारांनीही ही परिभाषा स्वीकारली.

पंधराव्या शतकात जयदेव ऊर्फ पक्षधर मिश्राने तत्त्वचिंतामणीवर आलोक ही टीका लिहिली. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने दीधिती या तत्त्वचिंतामणीवरील टीकेत गंगेशाचेही सिद्धान्त तपासले आणि पदार्थतत्त्वनिरूपणात वैशेषिकांच्या (न्यायाशी निगडित दर्शनाच्या) पदार्थव्यवस्थेला हात घातला. मिथिलेबाहेर ग्रंथ नेण्यास बंदी असल्याने वासुदेव सार्वभौमाने तत्त्वचिंतामणि मुखोद्गत करून बंगालात आणला, ही कथा प्रसिद्ध असली तरी आख्यायिकाच समजावी. जगदीश व गदाधर यांनी दीधितीवर विस्तृत टीका रचल्या.

महाराष्ट्राशी संबंधित ग्रंथकारांत काशीतील महादेव पुणतामकर (न्यायकौस्तुभ) उल्लेखनीय आहे. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश हा पारिभाषिक कोश आजही परिभाषेसाठी हाताशी ठेवावा लागतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संशोधित केलेली त्याची आवृत्ती 1928 मध्ये पुण्यात निघाली.